बडोद्याच्या लेखांत न सापडणारं गाव

बडोद्यावर मराठीत लेख लिहायचा म्हटला की त्याची पाककृती तयारच असते. सयाजीराव महाराज भरपूर, लक्ष्मीविलास पॅलेस चवीपुरता, कमाटीबाग, दांडियाबाजार, न्यायमंदिर... आणि वर १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ या चार साहित्य संमेलनांची कोथिंबीर. शेवटी "आता तिथली मराठी पोरं आपसात गुजरातीच बोलतात हो!" असा एक उसासा. झाला लेख. दिवाळी अंकाला चालतो, रविवार पुरवणीला चालतो, स्मरणिकेत तर पळतो.

हे लेख मी अगदी शाळकरी वयापासून वाचत आलोय. त्यांतले काही चांगलेही आहेत. पण इतक्या वर्षांत, इतक्या लेखांत, मला 'समा' हे नाव एकदाही भेटलं नाही. राजवाड्याच्या कुठल्या नळ्यात किती हंड्या होत्या ते भेटलं, महाराजांनी कुणाला कधी शिष्यवृत्ती दिली ते भेटलं. पण ज्या गावांच्या शेतसाऱ्यावर तो राजवाडा उभा राहिला त्यांपैकी एकाही गावाची वेस कुणी ओलांडलेली दिसली नाही. या लेखात मला त्याबद्दल भांडायचं आहे. भांडण अर्थात आपल्याच माणसांशी, म्हणजे मराठीत लिहिणाऱ्यांशी.

समा बडोद्याच्या उत्तर अंगाला आहे, विश्वामित्रीच्या जवळ. आज कुणालाही विचाराल तर तो शहराचा एक 'एरिया' आहे. सोसायट्या, शाळा, दवाखाने, इनडोअर स्टेडियम, सकाळी दुधाच्या पिशव्या आणि संध्याकाळी पाणीपुरीच्या गाड्या. माझी आत्या लग्न होऊन बडोद्याला गेली तेव्हा दांडियाबाजारात भाड्याच्या दोन खोल्या होत्या. पुढे समाला सोसायटीत स्वतःचं घर झालं. बडोद्यातल्या कितीतरी मराठी कुटुंबांचा प्रवास असाच झाला. जुन्या शहरातून बाहेर पडले, आणि कुणाच्या तरी शेतात राहायला गेले. कुणाच्या शेतात, हा प्रश्न काही कुणाला पडला नाही.

आत्याकडे गेलो असताना एकदा मी आत्तेभावाला विचारलं, "अरे, समा गाव कुठे आहे?"

"हेच की समा."

"हे नव्हे रे. गाव. मूळ गाव."

"ते होय... ते आत कुठेतरी आहे. जुनं गामडं. तिथे काय बघणार?"

वीस वर्षं राहतोय तो तिथे. शिकलेला आहे, वाचणारा आहे, सयाजीरावांच्या जयंतीला भाषणही करतो. आणि ज्या गावाचं नाव त्याच्या आधार कार्डावर आहे ते गाव चालत दहा मिनिटांवर असून त्याने पाहिलेलं नाही! दोष त्याचा एकट्याचा नाही. ते बघण्यासारखं आहे असं त्याला कुणी सांगितलंच नाही. त्याच्या हातात जे मराठी लेख पडले ते सगळे राजवाड्याच्या फाटकापाशी थांबणारे.

मी गेलो. रुंद, सरळ रस्ता सोडून आत वळलं की रस्ता एकदम अरुंद होतो आणि नागमोडी जायला लागतो. त्या जागेला गुजरातीत 'गामतळ' म्हणतात, आपल्या गावठाणासारखंच. ओटे, फळियां, दाराशी बांधलेली एखादी म्हैस, मधेच एखादं चकचकीत तीनमजली घर. ओट्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी तोच प्रश्न विचारला. ते हसले. म्हणाले, "गाम तो आ रह्युं, आटलुं ज." गाव काय, हे एवढंच उरलंय. मग हात लांब करून त्यांनी कुठे शेतं होती, कुठे गोचर होतं, पाणी कुठून यायचं आणि कुठे जायचं ते दाखवलं. त्यांचा हात ज्या ज्या दिशेला गेला तिथे मला फक्त गच्च्या आणि पाण्याच्या टाक्या दिसत होत्या.

हे कसं घडलं ते समजून घ्यायला हवं, कारण त्यात कुणी एक खलनायक नाही. १९०१ च्या जनगणनेत बडोदा शहराची वस्ती सुमारे १ लाख ३ हजार होती. २०११ मध्ये ती १६ लाखांच्या वर गेली. १९६० च्या दशकात शहराच्या उत्तर-पश्चिमेला खताचा कारखाना आला, कोयलीची रिफायनरी आली, मागोमाग पेट्रोकेमिकल्स आलं. कामाला माणसं आली, त्यांना घरं हवी होती. १९७६ चा गुजरातचा नगररचना कायदा झाला, १९७८ मध्ये बडोद्याचं नागरी विकास प्राधिकरण आलं, आणि भोवतालची गावं एकेक करून टी. पी. स्कीममध्ये गेली.

ही टी. पी. स्कीम मोठी हुशार चीज आहे. सगळ्या शेतकऱ्यांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, रस्ते-बागा-शाळांसाठी प्रत्येकाचा हिस्सा कापायचा, आणि उरलेली जमीन चौकोनी तुकडे पाडून ज्याची त्याला परत द्यायची. सरसकट भूसंपादनापेक्षा हे न्याय्यच म्हणायला हवं. शेतकऱ्याच्या हातात काहीतरी राहतं आणि त्या तुकड्याला भावही येतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही की या व्यवहारात शेताचं नाव, बांध, पाण्याची वाट, पायवाट, झाडाखालचा देव हे सगळं 'ओरिजिनल प्लॉट' या रकान्यात जातं आणि 'फायनल प्लॉट' या रकान्यात फक्त एक आकडा बाहेर येतो. गामतळाला बहुतेक हात लावत नाहीत. ते मधोमध तसंच राहतं, सभोवती शहर वाढतं. एका पिढीत गावकरी आपल्याच गावात 'आतले लोक' होऊन बसतात.

इथे कुणीतरी म्हणणार, "अहो, जगाची रीतच आहे ही. गावांची शहरं होतात. त्यात रडायचं काय?" बरोबर. आणि बडोद्याइतका याचा नमुनेदार दाखला दुसरा नाही. कारण बडोदं स्वतःच एक खेडं होतं! इ. स. ८१२ मधला राष्ट्रकूट कर्क सुवर्णवर्षाचा ताम्रपट आहे. त्यात त्याने 'वडपद्रक' नावाचं गाव एका ब्राह्मणाला दान दिलं आहे. हे वडपद्रक म्हणजेच बडोदं. आणि ते कुठे होतं? तर 'अंकोट्टक' या नगराशी जोडलेल्या चौऱ्याऐंशी गावांत. म्हणजे तेव्हा शहर होतं अंकोट्टक आणि खेडं होतं बडोदं. बाराशे वर्षांत उलटापालट झाली. अंकोट्टक आज अकोटा नावाचा बडोद्याचा एक 'एरिया' आहे, समासारखाच.

पण अकोटा विसरलं गेलं नाही. का? तर १९५१ मध्ये तिथे जैन धातुमूर्तींचा साठा सापडला. अडुसष्ट मूर्ती, साधारण पाचव्या ते बाराव्या शतकांतल्या. उमाकांत शहांनी त्यांच्यावर १९५९ मध्ये ग्रंथ लिहिला आणि जगभरच्या कलेतिहासाच्या पुस्तकांत अकोटा जाऊन बसलं. त्याआधी, १९५३ मध्ये, सयाजीराव विद्यापीठाच्या सुब्बाराव यांनी बडोद्याच्या पुरातत्त्वावर पुस्तक काढलं होतं. उत्तम काम! पण त्यातून आपण धडा काय घेतला? की गावाच्या पोटात ब्राँझ असेल तर त्याला इतिहास असतो. ज्या गावाच्या पोटात नुसती माती, बाजरी आणि माणसं होती त्याला इतिहास नाही.

दुसरा दाखला तर अधिकच बोचरा आहे. समावरून जो मोठा रस्ता उत्तरेला जातो त्याला समा-सावली रोड म्हणतात. सावली म्हणजे पिलाजीराव गायकवाडांचं सावली. १७३२ मध्ये डाकोरला पिलाजीरावांचा दगा करून खून झाला आणि त्यांच्या माणसांनी मही ओलांडून त्यांचा देह सावलीला आणून दहन केलं. दोनच वर्षांनी, १७३४ मध्ये, दमाजीरावांच्या काळात बडोदं कायमचं गायकवाडांकडे आलं. आपले मराठी इतिहासप्रेमी त्या सावलीच्या वाटेला लागतात. भक्तिभावाने जातात, फोटो काढतात, येऊन लेख लिहितात. म्हणजे या लोकांच्या गाड्या समामधूनच जातात! एकही थांबत नाही. मेलेल्या राजाच्या समाधीकडे जाताना जिवंत गाव वाटेत लागतं, आणि ते फक्त एक सिग्नल असतं.

आता खरा आक्षेप. "खेड्याला इतिहास असतो, पण तो लिहिण्याजोगा असतो का? तिथे घडतं काय? पेरणी, कापणी, लग्नं, भांडणं, मयतं." हा आक्षेप घेणाऱ्याला मी थोडं लांब, ऑस्ट्रियात नेतो. व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाची एक छोटीशी वस्ती आहे. १९३० च्या आसपास तिथे ४७८ कुटुंबं होती आणि सगळी एका कापड गिरणीवर जगत होती. गिरणी बंद पडली. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल हे तरुण संशोधक तिथे गेले. त्यांनी काय केलं? राजेरजवाडे शोधले नाहीत. लोक काय जेवतात ते लिहिलं. मुलांच्या डब्यात काय असतं ते बघितलं. वाचनालयातून किती पुस्तकं जातात ते मोजलं, आणि लक्षात आलं की हातात वेळच वेळ असूनही दोन वर्षांत वाचन निम्म्यावर आलंय. एवढंच काय, मुख्य रस्त्यावरून माणसं कुठल्या वेगाने चालतात हेसुद्धा मोजलं! कामावाचूनचे पुरुष रेंगाळत चालायचे, बायका भरभर, कारण घरचं काम कुठे सुटलं होतं? १९३३ मध्ये पुस्तक आलं. बेकारी माणसाला आळशी करते की बंडखोर, या प्रश्नावर जगभर आजही त्या चिमुकल्या गावाचं नाव निघतं. तिथे ना ब्राँझ सापडलं होतं, ना कुणी राजा जळला होता. कुणीतरी नीट बघितलं, मोजलं आणि लिहिलं, एवढंच.

आणि बडोद्यात असं बघणारे नव्हते असंही नाही. एम. एन. श्रीनिवासांनी १९५० च्या दशकात बडोद्याच्याच विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग उभा केला. खेडं तिथे राहून, प्रत्यक्ष बघून अभ्यासायचं ही शिस्त त्यांनी देशाला लावली. ती शिस्त समापासून काही किलोमीटरांवर शिकवली जात होती. मराठी लेखकाने तिच्यातून दोन गोष्टी उचलायला काय हरकत होती? पण आपल्याला बडोदं म्हटलं की मुजरा आठवतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो घेणारा माणूस फार मोठा आहे. डॉ. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत सांगितलं होतं की खेडं म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं आहे, त्याची आरती कशाला ओवाळता? गावाबद्दल गळे काढणाऱ्या प्रत्येकाने हे भाषण आधी वाचावं. गावाच्या इतिहासात वेशीबाहेरच्या वस्तीचा इतिहास नसेल, पाणवठा कुणाला खुला होता आणि कुणाला नव्हता हे नसेल, तर तो इतिहास न लिहिलेलाच बरा. मला समाचं 'सुंदर खेडं' रंगवायचं नाही. फळियं हा शब्द कानाला गोड लागतो, पण फळियं जातीचं असतं हे विसरून चालणार नाही.

पण हाच धागा जरा पुढे ओढा. आंबेडकरांना बडोद्यात राहायला जागा नाकारली गेली ती १९१७ मध्ये. ते संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला आले होते, पारशी धर्मशाळेत उतरले, आणि जात कळल्यावर तिथून काठ्या दाखवून हाकलले गेले. कमाटीबागेत एका झाडाखाली त्यांनी ते दुःख सोसलं. हे घडलं शहरात! सुधारक महाराजांच्या राजधानीत, बागेच्या आणि म्युझियमच्या शेजारी. तेव्हा 'गाव म्हणजे जात आणि शहर म्हणजे मुक्ती' असं सरळ गणित मांडता येत नाही. गामतळ पुसलं म्हणजे जात पुसली असं होत नाही. ती सोसायटीच्या सभासद यादीत जाऊन बसते. गावाचं लिहिलेलं असेल तर निदान ती कुठून आली हे दाखवता येतं. न लिहिलेल्या गावाची जात अदृश्य होते, आणि अदृश्य जात फार सोयीची असते.

इथवर कुणी म्हणेल, हे सगळं संस्कृतीवाल्यांचं झालं. सामान्य माणसाला याचा उपयोग काय? मग पाण्याचं बोलू.

विश्वामित्री पावागडावरून निघते आणि शहरातून वेडीवाकडी वाहत जाते. तिच्या काठाला कोतरं आहेत, म्हणजे मातीत कोरलेल्या घळी. पूर आला की पाणी त्या कोतरांत शिरतं, पसरतं, दमानं उतरतं. गावोगावची तळी आणि 'कांस', म्हणजे आपले ओहोळ, आमच्या गोव्याच्या भाषेत व्हाळ, ही सगळी एकमेकांना धरून असलेली व्यवस्था होती. समाच्या बाजूने जी कांस जाऊन नदीला मिळते तिचं नाव आहे 'भूखी'. भुकेली! नाव कुणी का ठेवलेलं असेना, मला तरी ते ऐकल्यावर तिच्या तोंडाशी घर बांधायचा धीर झाला नसता. पण टी. पी. स्कीमच्या नकाशावर भूखी नसते, एक निळी रेघ असते. रेघेला भूक नसते. रेघेवर स्लॅब टाकता येतो.

३१ जुलै २०१९ ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री धोक्याच्या पातळीच्या वर दहाएक फूट चढली, आणि समा, फतेगंज, अकोटा या भागांत पाणी घराघरांत शिरलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगरी आल्या. देशभरच्या वाहिन्यांनी मगरी दाखवल्या आणि लोक हसले. खरं तर त्यात नवल काहीच नव्हतं. विश्वामित्रीत शेकडो मगरी आहेत, पूर्वीपासून आहेत. मगर आमच्या घरात आली म्हणणं सोपं आहे. नदीकाठच्या गावच्या माणसाला विचाराल तर तो सांगेल, तुमचं घर मगरीच्या घरात आलंय.

आत्याकडे त्या पुरात तळमजला बुडाला. फ्रिज गेला, कपाट गेलं, लग्नातले फोटो गेले. नंतर आठवडाभर एकच चर्चा: धरणाचं पाणी कुणी सोडलं, पंप का लागले नाहीत, कोण जबाबदार. हे प्रश्न विचारायलाच हवेत. पण त्या चर्चेत, ज्या जमिनीवर आपण राहतो ती पूर्वी काय होती, हा प्रश्न एकानेही विचारला नाही. ती भाताची खाचरं होती का? गोचर होतं? तळ्याचा सांडवा कुठून जायचा? आत ओट्यावर बसलेल्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांचा हात ज्या दिशेने गेला होता, पाणी त्याच दिशेने गेलं. त्यांना विचारायला फी लागत नव्हती.

आणि समाचं शेजारगाव हरणी. तेही असंच शहरात विरघळलेलं. तिथलं मोटनाथ तलाव हे गावचं तळं. त्याचा 'लेक झोन' झाला, तिकीट लागलं, बोटी आल्या. १८ जानेवारी २०२४ ला सहलीला आलेल्या शाळेच्या मुलांची बोट तिथे उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं होती, सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हती. खटला चालेल, दोष ठरेल, ते न्यायालयाचं काम. मला एवढंच दिसतं की गावाचं तळं जेव्हा गावाचं असतं तेव्हा त्याच्या खोलीची भीती प्रत्येक पोराच्या अंगात भिनवलेली असते. कुठल्या पायरीच्या पुढे जायचं नाही हे आजी सांगते. तळं करमणुकीची जागा झालं की खोली कुणालाच माहीत नसते, फक्त तिकिटाचा दर माहीत असतो. गावाची आठवण ही अशी उपयोगाची वस्तू आहे, लोकहो. ती गेली की त्याची किंमत पोरांनी मोजायची वेळ येते.

आता सयाजीरावांकडे येतो, कारण बडोद्याचा मराठी माणूस मला तोपर्यंत सोडणार नाही! महाराजांबद्दल मला आदरच आहे. आणि मला वाटतं त्यांच्या नावाने राजवाड्याचे लेख लिहिणाऱ्यांना महाराज समजलेच नाहीत. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा शेतकऱ्याच्या घरातला गोपाळ, १८७५ मध्ये दत्तक जाऊन राजा झाला. त्याने राज्य हाती घेतल्यावर काय केलं? १८८३ पासून इलियट साहेबाच्या हाताखाली गावोगाव जमिनीची मोजणी सुरू केली. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणून खेड्यापाड्यांत वाचनालयं सुरू केली. त्यातली योजना बघा: गावाने एक हिस्सा जमवायचा, प्रांत पंचायतीने एक, सरकारने एक. म्हणजे पुस्तक गावाचं, दान नव्हे. १९२३ मध्ये गोविंदभाई देसाई आणि क्लार्क यांनी संस्थानचं दोन खंडांतलं गॅझेटियर काढलं. शेतसारा वसूल करणाऱ्या सरकारला गावांची इतकी माहिती ठेवावीशी वाटत होती! आणि आपण, गावाच्या जमिनीवर घर बांधून राहणारे, आपल्याला त्याचं एक पान लिहावंसं वाटत नाही. महाराजांचा पुतळा घोड्यावर आहे म्हणून आपण मान वर करूनच बघत राहिलो. ते बघत होते खाली, गावांकडे.

आमच्या गोव्यातला वाचक इथवर आला असेल तर मनात म्हणत असेल, "बडोद्याचं बडोद्याला, आमकां किदें?" सांगतो. आमच्याकडे गावाची आठवण ठेवणारी जुनी यंत्रणा होती: गावकरी, म्हणजे पोर्तुगीजांच्या भाषेतली कोमुनिदाद. १५२६ च्या फोरालमध्ये तिचे रीतिरिवाज लिहिलेले आहेत. खाजनाचा बांध कुणी बांधायचा, मानशीचं दार भरतीला कधी बंद करायचं, हे गाव ठरवायचं. ती व्यवस्था काही स्वर्ग नव्हती. हक्क वंशपरंपरेने ठराविक घराण्यांतल्या पुरुषांचा, बाकीचे उपरे. पण पाणी कुठून येतं हे गावाला पाठ होतं. आज किती खाजनांच्या मानशी नीट आहेत, ते आपापल्या गावात जाऊन बघावं.

सांग्याचं कुर्डी आठवा. मोगूबाई कुर्डीकरांचं जन्मगाव. साळावलीच्या धरणात गेलं. पण दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की कुर्डी वर येतं, आणि पांगलेले कुर्डीकर सोमेश्वराच्या देवळापाशी जमतात, आपापल्या घराचा चौथरा शोधतात. पाण्यात बुडालेलं गाव निदान मे महिन्यात भेटतं. पर्वरी, ताळगाव, म्हापशाच्या आजूबाजूला जी गावं काँक्रीटमध्ये बुडताहेत ती कुठल्या मे महिन्यात वर येणार? २००६-०७ मध्ये रिजनल प्लॅनविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि तो आराखडा सरकारला मागे घ्यावा लागला, याचा आपल्याला अभिमान आहे. पण तेव्हाही लोकांनी वाचवली ती जमीन. जमिनीवरचं ज्ञान वहीत उतरवायला कोण उतरलं? समा हा आपल्या पुढ्यात ठेवलेला आरसा आहे.

तेव्हा बडोद्याच्या मराठी मंडळींना माझं एक सरळ सांगणं आहे. तुमच्याकडे वाङ्मय परिषद आहे, वाचनालयं आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, आणि गुजराती-मराठी दोन्ही भाषा तोंडात आहेत. हे काम तुमच्याइतकं सोयीने कुणीच करू शकणार नाही. पुढच्या वर्षी स्मरणिकेत राजवाड्यावर लेख नको. समावर काढा, हरणीवर काढा, छाणीवर काढा. तलाट्याकडे जा, जुने सर्व्हे नंबर बघा; सात-बारा तिथेही सात-बाराच आहे, तुम्हाला परका नाही. गामतळातल्या सत्तरी ओलांडलेल्या माणसांशी बोला. बायकांशी आधी बोला, कारण पाणी त्यांनी वाहिलंय. वेशीबाहेरच्या वस्तीत आधी जा, देवळात नंतर. शेतांची नावं लिहा, विहिरींची लिहा, तळ्याला पाणी कुठून यायचं आणि भूखी कुठे वळायची ते नकाशावर काढा. कुणी कुणाला जमीन कधी विकली आणि त्या पैशाचं पुढे काय झालं ते विचारा. याच्याइतकी चित्तवेधक कादंबरी तुम्हाला संमेलनाच्या ग्रंथप्रदर्शनात मिळणार नाही. आणि ते गुजरातीतही छापा. ज्यांचं गाव आहे त्यांना वाचता यायला नको?

"वेळ कुणाला आहे?" हे उत्तर मला येणार हे ठाऊक आहे. २०२४ च्या पुरानंतर चिखल काढायला प्रत्येक घराने आठवडा दिला. कपाटं, गाद्या, कागदपत्रं रस्त्यावर वाळत घालायला दिला. वेळ आहे. तो कधी द्यायचा एवढंच ठरवायचं आहे.

आत्तेभावाला मी हे सगळं फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "तू गोव्याचा, तुला काय कळतं बडोद्यातलं!" मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच म्हणतो, तूच लिही. दहा मिनिटांवर आहे.